भाऊने मला सांगितलं नाही

भाऊ गेल्याला दीड महिना झाला. माहेरून, नरडाण्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी जळगावात, आमच्या घरी, भरताची वांगी भाजत होते. गॅस बंद केला आणि ओट्याखालीच बसले... त्या दिवशी पोटभर रडले. आता रडू येत नाही, राग येतो.

भाऊचे पाय विशीतच गळाले. स्नायूंच्या पेशींचं आवरण फाटलं की ते सांधणारं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुकच त्याच्यात बिघडलेलं. त्यावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम घरी यायच्या. भाऊने त्यांना रक्त दिलं, पोटरीतला मांसाचा तुकडा दिला, वर शेवभाजीचं जेवण. "मॅडम, मटण मनं, मसाला तुमना!" म्हणून हसायचा. पुढे माझं लग्न आतेभावाशी ठरलं. घरातलंच स्थळ, सगळे खूश. मी तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, मला काही नाही ना रे?" "काही नही व बहीण, बठ्ठं बरं शे." नंतर दर भाऊबीजेला तो माझ्या पूर्वाला चवड्यांवर उभं करायचा. "देखू, तोरणले हात लागस का?" गेल्या दिवाळीत तिच्या टाचा उचलल्याच नाहीत. आम्ही हसलो, भाऊ तेवढा तिच्या पोटऱ्यांकडे बघत राहिला.

दहाव्याला मॅडम आल्या. म्हणाल्या, "दोष आई आणि वडील, दोघांकडून आला होता. बहिणीचं लग्न नात्यात करायच्या आधी नवरा-नवरी दोघांचं रक्त तपासा, असं मी भाऊंना तेव्हाच बजावलं होतं. त्यांनी सांगितलं असेलच, ताई..." मी मान डोलावली. दहाव्यालाच त्याला चार लोकांत खोटं कसं पाडायचं? पण सख्ख्या भावाने केसाने गळा कापला! ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून, हे मला कळतं. कळलं म्हणून माफ करता येतं थोडंच?

धीर करून पूर्वाला सांगायला बसले. तोंड उघडलं नाही तोच ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे. मामाने दिवाळीतच सांगितलं. तपासणीही झाली. तेच आहे... तुला सांगू नको म्हणाला."

म्हणजे पुन्हा मलाच नाही!

नरडाण्याहून निघताना पूर्वाने वहिनीकडून भाऊची खुर्ची मागून घेतली. पायांना ठोकळे ठोकून उंच केलेली, गुडघ्यांवर जोर न देता उठता यावं म्हणून. आता ती तिच्या खोलीत आहे. पूर्वा अजून तिच्यावर बसत नाही. मी मात्र रोज ती पुसते, आणि पुसता पुसता भाऊला शिव्या घालते.