सोडवण्यासाठी भरलेली मोटार

विजेच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरण्यात तारबाईंची हयात गेली. लग्न होऊन आल्या त्या नवऱ्याच्या दुकानात त्याच्या शेजारी बसूनच शिकल्या, आणि तो गेल्यावर सोळा वर्षं एकटीने दुकान ओढलं. मोटार उघडायच्या आधी नुसत्या वासावरून सांगायच्या, आत काय जळलंय ते. त्यांच्या हातची मोटार पुन्हा दुकानाची पायरी चढत नसे.

मग गरिबाघरच्या पोरांना काम शिकवणारं केंद्र निघालं आणि बाईंना बोलावणं आलं. त्या हरखून गेल्या. तिथे पाहतात तर पोरं तीस, मोटार एक, तारेचं रीळ एक. सकाळी एकाने तांब्याची तार भरायची, दुपारी दुसऱ्याने ती सोडवून पुन्हा भरायची. तीन वर्षं तीच तार. तारेवरचा वीज अडवणारा लेप झिजून गेलेला, त्यामुळे त्या मोटारीला वीज जोडायचा प्रश्नच नव्हता. नवी रिळं कपाटात, कुलपात. तपासणीला पाहुणे आले की त्यांना मोजून दाखवायला.

"वापरून संपली तर दाखवायचं काय, बाई?" केंद्राचे साहेब म्हणत.

बाईंच्या हाताखाली सगळ्यांत चांगली तयार झाली ती मुंगी. गवंड्याची पोर, बोलणं कमी, हात थांबायचा नाही, म्हणून मुंगी. पंपाच्या कारखान्यात नोकरीसाठी तिची परीक्षा झाली. तिने मोटार अशी भरली की फोरमन वाकून बघत राहिला. त्याने बटण दाबलं. मोटार एकदा हुंकारली, ठिणगी उडाली, सगळं थंड. पोरीने तारांची टोकं नुसती सैल पिळून ठेवली होती. ना लेप खरवडून काढला, ना कथील वितळवून ती सोल्डर केली.

"हे असं का ठेवलंस?"

"उद्या सोडवायला सोपं जातं."

सगळे पोट धरून हसले. फोरमन म्हणाला, "सोमवारी पुन्हा ये. तेव्हाही असंच झालं तर जागा दुसऱ्याची."

मुंगीने हे उभ्या उभ्या सांगितलं. बाई तिच्यावर खेकसायला गेल्या, तोच त्यांना आठवलं. 'घट्ट पिळू नका रे, तार तुटेल,' हे रोज कोण सांगत होतं? त्यांच्या अंगाची लाही झाली. तशाच त्या जिना चढून साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"रिळं काढा."

"बाई, तिला पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र दिलंय आपण. आणखी काय द्यायचं?"

"नोकरी पोरीला लावायची होती का तुमच्या कपाटाला?"

"आवाज खाली घ्या. तुमच्याकडे तर तेवढाही कागद नाही, तरी ठेवलंय तुम्हाला."

"आवाज मोटारीचा यायला हवा होता, साहेब. तीन वर्षांत या इमारतीत आला नाही. तोवर माझाच ऐका."

त्या खाली वर्गात आल्या, छिन्नी-हातोडी घेतली आणि दोन घावांत कुलूप उडवलं. साहेब दारात उभे राहून नियम सांगत होते. ऐकायला कुणी नव्हतं. आपल्या दुकानातल्या भंगारातून बाईंनी चार जळक्या मोटारी आणवल्या. चार दिवस पोरं आळीपाळीने भरत राहिली. टोकं खरवडली, घट्ट पिळली, सोल्डर केली. कुणाचे हात भाजले, कुणाची तार तुटली. "तुटू दे," बाई म्हणत, "तुटल्याशिवाय हाताला कळतं का?" चौथ्या दिवशी पहिली मोटार चालली तेव्हा पोरं दचकून मागे सरली. भरलेली मोटार फिरते, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते बघून बाईंचा राग निवायचा सोडून आणखी चढला.

सोमवारी मुंगीची मोटार चालली. तिला कामावर घेतलं.

मंगळवारी बाईंना पत्र आलं. केंद्राच्या मालमत्तेची नासधूस केली, कामावरून का काढू नये याचा खुलासा करा. त्याच सकाळी फाटकावर मुंगीचा मोठा फोटो लागला होता, खाली केंद्राचं नाव.

बाईंनी पत्र उलटं केलं आणि मागे लिहिलं, "रिळं वापरली. मोटारी चालतात. खाली येऊन ऐका." पत्र शिपायाच्या हातात दिलं आणि त्या वर्गात गेल्या. एकोणतीस पोरं अजून बाकी होती.