नापास मुलीच्या बाजूने

आदरणीय वासंतीबाई आगटे यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी येरवड्याचे बालगृह सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी. अठरा वर्षे पूर्ण झाली की तिथून निघावे लागते. जवळ कपड्यांची पिशवी आणि फार्मसी पदविकेचे प्रवेशपत्र होते. फी भरायला काहीच नव्हते. अधीक्षिकांनी मला पत्र देऊन नारायण पेठेत बाईंकडे पाठवले. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई काही परिचितांच्या साथीने माझ्यासारख्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलत. पत्र वाचून त्यांनी विचारले, "राहायचं कुठे? आधी ते बघू."

वसतिगृह मिळाले, फी भरली गेली आणि पहिल्याच वर्षी मी तीन विषयांत नापास झाले.

बाईंना सांगायचा धीर होईना. त्यांचे फोन घेणे मी बंद केले आणि कसबा पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागले. एका दुपारी बाई पायरीशी उभ्या! आता चारचौघांत शोभा होणार, या भीतीने मी साड्यांच्या गठ्ठ्यामागे सरकले.

"नापास झालीस ते तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रविवारी आमची बैठक आहे. ये."

बैठकीच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसले होते. लोटलेल्या दारातून सगळे ऐकू येत होते.

"नापास झाली की मदत बंद, हा आपलाच नियम आहे," एक गृहस्थ म्हणाले. "तिच्या जागी दुसरी मुलगी घेऊ."

आता वसतिगृह सुटले तर राहायचे कुठे, एवढेच माझ्या डोक्यात फिरत होते. मग बाईंचा आवाज आला.

"आपले चिरंजीव इंजिनिअरिंगला दोनदा नापास झाले. त्यांच्या जागी आपण दुसरा मुलगा घेतलात का?"

मला उठून पळावेसे वाटले. शेवटी तेच गृहस्थ म्हणाले, "एक संधी. एकच." ते आज बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरव समितीत आहेत, त्यांचेही आभार.

बाई बाहेर आल्या. "उद्यापासून रोज सकाळी सातला यायचं. चहा मिळेल, कौतुक मिळणार नाही."

फेरपरीक्षेपर्यंत बाईंनी, स्वतः कधी न ऐकलेल्या औषधांची नावे अडखळत वाचून, माझ्याकडून सारे वदवून घेतले. तिन्ही विषय सुटले, तेव्हा मी रडत होते आणि बाई विचारत होत्या, "दुसऱ्या वर्षाची पुस्तकं कधी आणतेस?"

आज मी एका रुग्णालयात औषधनिर्माता आहे.

बाई, पंचाहत्तरीनिमित्त आपणांस मनःपूर्वक वंदन. आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि आपल्याला उदंड आयुष्य लाभो. येत्या जूनमध्ये तीन मुली बालगृहातून बाहेर पडणार आहेत. त्यांना आपण हव्या आहात.