यासीनभाईंनी जागा अडवली नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा जेवताना तोंडाशी आलं होतं — तिनं भाजी वाढली आणि मी घासाबरोबर गिळून टाकलं.

केनवडजवळच्या रस्त्याचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिचा मी साइटवरचा सुपरवायझर. करार असा, की सरकारनं कडेची जागा मोकळी करून द्यायची. कंपनीनं रस्ता बांधायचा आणि पुढे वर्षानुवर्षं टोल घ्यायचा. कंपनीनं काम अर्धवट टाकलं, यंत्रं दुसऱ्या जिल्ह्यात नेली. सरकारनं करार मोडला. कंपनी लवादात गेली. आता तिला दाखवायचं होतं, की जागाच मोकळी मिळाली नाही. त्यासाठी कोणाचं तरी नाव हवं होतं.

फाट्यावर यासीनभाईंचं लोहारकाम होतं. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा. त्यांना उठायला मीच सांगितलं होतं — पलीकडे सरकार जागा देईल, असंही. ते भांडले का? एका शब्दानं नाही. भाता दुसरीकडे हलवण्याआधी फातेहा पढून शिरणी वाटायची, ही त्यांच्या घरची रीत. पहिली माझ्या हातावर ठेवली. "खा साहेब. अन् रस्ता लवकर करा, नाही तं माह्या पोट्ट्याची वरात धुळीतूनच जाईन." मी हसलो. खाल्ली. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं छपराची टिनं उतरवली.

आणि नागपुरात, लवादापुढे शपथेवर, मी काय सांगितलं? — की यासीन लोहारानं जागा सोडली नाही, तो मजुरांवर कुऱ्हाड घेऊन धावला. तुम्ही म्हणाल, वकिलानं पढवलं असेल. 'जागा सोडली नाही' — एवढंच त्यानं पढवलं होतं. कुऱ्हाड माझी. वाटलं, त्यानं ते खरं वाटेल.

वाटलं. कंपनी जिंकली. हरलेल्या सरकारी साहेबांनी राग यासीनभाईंवर काढला — पलीकडची जागा नाकारली, वर कुऱ्हाड उगारल्याची तक्रार.

मग एका दुपारी ते रिसोडला माझ्या घरी आले. साक्ष कोणी दिली, त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोनं चहा ठेवला. बशीत ओतून ते प्यायले, मग म्हणाले, "कोन्या हरामखोरानं सांगतलं काय मालूम. तुमी तं होते ना तिथं, साहेब. एकदा तहसीलीत येऊन सांगून द्या. तुमचं ऐकतीन ते."

मी म्हणालो — येतो.

गेलो नाही. त्यांनी पुन्हा निरोप धाडला, तरी नाही. आता ते कारंज्यात दुसऱ्याच्या दुकानात घण मारतात, या वयात.

नोकरीच्या भीतीनं गेलो नाही, असं म्हणावं का? पण ते घरी आले, त्याच्या आधीच मी ती कंपनी सोडली होती. मला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. आणि तहसील कचेरी — माझ्या घरापासून तिथं पायी जाता येतं.