देवीपुढची वडी

भांड्यांच्या साबणाच्या कंपनीसाठी मी दुकानोदुकानी जाऊन वड्या मांडायचे. दुपारचे चार तास. साबणाचं नाव समोर दिसेल अशा बारा वड्या एका ओळीत लावायच्या, फोटो काढायचा आणि कंपनीच्या अ‍ॅपवर टाकायचा. पगार बेताचाच, पण त्या चार तासांत माझ्याकडे कोणी चहा मागत नव्हतं. म्हणून ही नोकरी मला जिवापाड हवी होती.

नाशिकपासून वणीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते वणीतल्या एका काकूंच्या दुकानात. माल आला की पहिला नग गल्ल्यावरच्या देवीपुढे, हा त्यांचा रिवाज. बिस्किटं असोत की झुरळांचं औषध, देवी नाही म्हणत नसे. खोक्यात बारा वड्या, त्यातली एक देवीला. फळीवर उरायच्या अकरा, आणि अ‍ॅप तांबडा शेरा मारायचं: माल अपुरा. असे तीन शेरे पडले की घरी बसायचं.

पहिला शेरा पडल्यावर मी शक्कल लढवली. फोटोत देवीलाही घेतलं. बारा भरल्या. वर कंपनीतल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, ती वरची जागा भारी मिळवलीत. लायटिंगपण आहे." समईबद्दल बोलत होते. मी मूर्खासारखी खूश झाले.

आठवड्याने पुन्हा फोन. "फोटोत ती मूर्ती आपल्या नावाच्या आड येतेय. जरा बाजूला सरकवा."

मी दबकत काकूंना विचारलं. तांदूळ मोजता मोजता त्या थांबल्या. "देवी माझ्या सासूनं बसवलेली हाय. तू कधीपासून येते?"

"महिना झाला, काकू."

"मंग कोणी सरकायचं, तूच सांग."

देवीला वगळून फोटो काढला, पुन्हा अकराच भरल्या, आणि दुसरा शेरा त्याच दिवशी पडला. तिसरा पुढच्या खेपेला, मी दुकानात उभी असतानाच. उद्यापासून येऊ नका, असा निरोपही लगोलग आला. मला भर दुकानात रडू फुटलं, तेही साबणाच्या वडीपायी.

काकूंनी देवीपुढची वडी उचलून माझ्यापुढे धरली. "ही काय विकता येत नाय. परसाद हाय, घे." कुंकू लागलेली वडी मी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

घरात पाऊल टाकलं तर नवरा म्हणाला, "आज लवकर? बरं झालं, चहा टाक."

चहा टाकला. पिऊन झाल्यावर वडी त्याच्या हातात ठेवली आणि प्रसाद आहे म्हणून सांगितलं. प्रसादाला नाही म्हणायची त्याची छाती नाही. त्या दिवसापासून वडी संपेपर्यंत कपबशा त्यानेच घासल्या.