सुलूचा दुपारचा वर्ग

सुलू गेल्याची बातमी मला तमिळमध्ये मिळाली. तिची मुलगी हेमा फोनवर एवढंच म्हणाली, "मामा, अम्मा पोयिट्टा." आई गेली. सुलू, म्हणजे सुलोचना, माझ्या धाकट्या काकांची मुलगी. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. आमचे पूर्वज कधीकाळी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. बाजारात, शाळेत, कचेरीत तमिळ आणि घरात मराठी, तीही अशी की तुमच्याकडची माणसं ऐकून हसतील. हेमाच्या पिढीला ती कळते, पण बोलायला गेलं की तोंडात तमिळच येतं. देवनागरी वाचणारं तर गल्लीत आता माझ्याखेरीज फारसं कोणी उरलेलं नाही. वडिलांनी हट्टाने शिकवली म्हणून मी हे लिहू शकतो आहे.

अंत्यदर्शनाला आमच्या कार्यालयातला एक जुना सहकारी हार घेऊन आला होता. सुलू आणि मी दोघंही आयुष्यभर एकाच सरकारी कार्यालयात होतो, वाहनचालकांना परवाने देणाऱ्या. हार घालून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "फार चांगली बाई हो, सार. तेवढं एक सोडलं तर." आजूबाजूच्या दोघातिघांनी मान हलवली. हेमा हाताच्या अंतरावर उभी होती, तिनेही ऐकलं. मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिरुवैयारुला कावेरीत अस्थी सोडतानाही बोललो नाही. ते 'तेवढं एक' सुलूचं नव्हतं, माझं होतं, हे या जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. आता एकालाच ठाऊक उरलं होतं.

सुलूचं काम प्रशिक्षणाचं. हुद्दा समन्वयकाचा, पण ऑफिसात त्या कामाला कोणी काम मानत नसे. परवान्याच्या खिडकीवर गर्दी, वाहनतपासणीच्या मैदानावर रुबाब, आणि प्रशिक्षण म्हणजे मोडक्या खुर्च्यांचा एक हॉल. डोळे तपासायला सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आणायचा, ब्रेकचं सांगायला मेकॅनिक गाठायचा, ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते करायचे, जेवणाला लिंबूभात आणि दहीभाताची पाकिटं मागवायची, आणि इतकं करून वर्गात झोपलेल्यांना जागं करायचं, हे सगळं तीच करी. चालक तिला टीचरम्मा म्हणत. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, शाळेच्या व्हॅन चालवणाऱ्यांचे वर्ग असत. सकाळी हॉलमध्ये नियम सांगून व्हायचे. सुलूचा खरा वर्ग दुपारचा.

जेवणं झाली की ती सगळ्यांना मागच्या मैदानात नेई. तिथे एक व्हॅन उभी असे. एकाने चालकाच्या जागेवर बसायचं, दुसऱ्याने व्हॅनच्या मागे जाऊन मातीत मांडी घालून बसायचं. मग ती पुढच्याला विचारी, "आरशात कोण दिसतंय?" कोणीच दिसत नसे. "बरं, आता गाडी मागे घेणार का?" चालक हसून म्हणे, "घेईन की, मागे कोणी नाही." आणि मागून मातीत बसलेला ओरडे, "अरे ए, मी आहे इथे! माझी बायको तुला सोडणार नाही!" सगळे हसत. मग जागा बदलायच्या. प्रत्येकाने मागे बसायचंच, त्यातून सुटका नाही. एकदा एक पांढऱ्याशुभ्र वेष्टीतला, म्हणजे इकडच्या धोतरातला, बुजुर्ग चालक अडून बसला. "टीचरम्मा, तुमच्या जन्माच्या आधीपासून स्टिअरिंग धरतोय मी. आता या वयात मातीत बसवता?" सुलू म्हणाली, "अय्या, बसाच. तुमची नात या उंचीची आहे ना?" तो बसला. उठला तेव्हा त्याने वेष्टी झटकलीसुद्धा नाही. एकेकाला बसवायचं म्हणजे वेळ जाई, संध्याकाळ होई. ती म्हणायची, "अण्णा, सकाळचं कानात जातं आणि घरी जाईपर्यंत गळून पडतं. हे बुडाला लागतं ना, ते राहतं."

ती मला अण्णाच म्हणे, ऑफिसातही. मी तिचा वरिष्ठ होतो, शेवटी शेवटी तर कार्यालयातला क्रमांक दोनचा अधिकारी. आम्हा दोघांची तिथे एक गंमत होती. सगळ्यांदेखत आम्ही मराठीत बोलायचो आणि कोणाला काही कळायचं नाही. कोणी ऐटीत आत आला की ती चेहरा अगदी गंभीर ठेवून मला म्हणे, "अण्णा, ह्याचा चष्मा खिशात आहे बघा, डोळे तपासून घ्यायला आलाय." मी तितक्याच गंभीरपणे "पाहतो, पाहतो" म्हणायचो. समोरच्याला वाटे, त्याच्याच फाइलबद्दल बोलणं चाललं आहे. घरची भाषा आम्ही कुलपासारखी वापरत होतो. त्याचं आम्हाला हसू येई... पुढे काय होणार हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. त्या मे महिन्यात व्हॅनचालकांची गर्दी फार झाली. शाळांचे व्यवस्थापक रोज येऊन माझ्या टेबलासमोर बसत, वरून फोन येत, शाळा उघडण्याआधी सगळ्यांची प्रमाणपत्रं गेली पाहिजेत. मी सुलूला बोलावलं आणि सांगितलं, "दुपारचं बंद कर. सकाळचं घे, सही कर, सोड." ती म्हणाली, "मग अर्धं प्रमाणपत्र देऊ का अण्णा? सकाळी गाडी चालवावी, दुपारी चालवू नये, असं लिहून?" मी चिडलो. ती ऐकेना. वरिष्ठ म्हणून लेखी आदेश देता आला असता, पण लेखी दिलं की ते माझ्या नावावर राहणार. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि मराठीत म्हणालो, "सुलू, साहेब म्हणून नाही, घरातला थोरला म्हणून सांगतो. माझी अडचण करू नकोस." आमच्या घरात थोरल्याला नाही म्हणायची रीत नव्हती. तिच्या वडिलांच्या माघारी तिचं लग्न मीच उभं राहून लावलेलं. ती उठून गेली. त्या वर्षी मैदानात कोणी मातीत बसलं नाही.

शाळा उघडल्यानंतर काही दिवसांतच पापनाशमजवळच्या एका गावात व्हॅन मागे घेताना एक मूल चिरडलं. पहिलीतलं. व्हॅनमधून उतरून ते मागच्या बाजूने घराकडे निघालं होतं आणि त्याची आई दारातून ते येताना पाहत होती... याहून जास्त मला लिहवत नाही. चालक त्याच मे महिन्यातल्या आमच्या वर्गातून गेलेला होता. पुढच्या चौकशीत त्याने सांगितलं, मागे पाहिलं होतं, आरशात कोणी नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. हॉलमध्येच टेबल मांडलं होतं. एका बाजूला मी, माझ्या उजव्या हाताला सुलू. त्यांनी सरळ विचारलं, "दुपारचं सत्र नेहमी होत असे. या वर्षी ते कोणी रद्द केलं?" सुलूने माझ्याकडे पाहिलं. तिला मला अडकवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तिला एवढंच हवं होतं की मी स्वतः बोलावं. ती वाट पाहत होती. आणि मी बोललो, मराठीत, अगदी थंड आवाजात, जसं काही एखादी फाइल कुठे आहे ते सांगतो आहे. "सुलू, माझं नाव घेऊ नको. शेवटच्या महिन्यांत मला हे झेपणार नाही. तू घे अंगावर. पुढचं मी सांभाळतो." अधिकाऱ्यांनी मान वर केली. "काय म्हणताहेत हे?" मी तमिळमध्ये म्हणालो, "घाबरू नकोस, जे खरं आहे ते सांग, असं म्हणतोय, सार."

सुलू माझ्याकडे पाहतच होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आज मला बरं वाटलं असतं. मग तिने मान वळवली आणि त्यांना म्हणाली, "नान दान, सार." मीच, साहेब. त्यांनी विचारलं, "का?" ती म्हणाली, "ऊन फार होतं." त्यांनी ते लिहून घेतलं.

तमिळ वर्तमानपत्रात तिचं नाव आलं. तिला प्रशिक्षणातून काढून दुसऱ्या गावच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. बढती कायमची अडली. रोज सकाळी डबा घेऊन ती बसस्टँडकडे जायची, माझ्या दारावरून. मी 'सांभाळतो' म्हणालो होतो. मी काहीही सांभाळलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मला हार घातले गेले, माझ्या काटेकोरपणाची भाषणं झाली, आणि ती मागच्या रांगेत बसून होती. घरी येऊन पायाही पडली. त्यानंतर ती मला भेटत राहिली, सणावारी फराळाचा डबा पाठवत राहिली, पण माझ्याशी मराठीत बोलली नाही. तमिळमध्येच बोलायची, नीट, आदराने, जसं कचेरीत आलेल्या माणसाशी बोलावं. घरातल्या बाकीच्यांशी मराठी, माझ्याशी तमिळ. लोकांच्या ते लक्षातही आलं नसेल. मला ते प्रत्येक वेळी समजत होतं आणि मी दर वेळी पुढच्या वेळेवर ढकलत होतो. माणूस आपल्याहून लहान असलं की आपल्याला वाटतं, वेळ आहे.

महिना उलटल्यावर मी हेमाकडे गेलो. सुलूच्या पलंगाची गादी गुंडाळून ठेवली होती, तिथेच कडेला बसलो आणि सगळं तमिळमध्ये सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. हेमाने अडवलं नाही. संपल्यावर तिने विचारलं, "मामा, त्या साहेबासमोर तुम्ही आईला मराठीत सांगितलंत?"

"हो."

"आणि त्यांना तमिळमध्ये दुसरंच सांगितलंत."

"हो."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागली. "मी तिला विचारलं होतं तेव्हा. रागात. म्हणाले, घरी लवकर यायचं होतं म्हणून सोडलास का वर्ग? ऊन लागत होतं म्हणून? ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. माझा किट्टू तेव्हा यूकेजीत होता. मी सांगून टाकलं, त्याला आणायला तू जायचं नाहीस. रस्त्यावर त्याचा हात तू धरायचा नाहीस. सासरच्यांदेखत सांगितलं, मामा. ती हो म्हणाली. नंतर तिला रजा असली की त्याची व्हॅन यायच्या वेळी ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, लांब. जवळ यायची नाही. मला वाटायचं, बरोबरच आहे, तिला लाज वाटायलाच हवी." हेमा एवढं बोलून थांबली. "तिने मला का सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "मी नको म्हणालो होतो म्हणून."

"एकदा नको म्हणालात. इतकी वर्षं?"

मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "माझी नको. मी काय वेगळं केलं?" मग म्हणाली, "ऑफिसात लिहून द्या. तमिळमध्ये. पापनाशमला त्या मुलाच्या घरी चला, मी येते बरोबर. ते हाकलून देतील, तरी चला. पण त्याच्याआधी किट्टूला सांगा. तो आत्ता कॉलेजातून येईल."

मी म्हणालो, "त्याला तू सांग ना. त्याची आजी..."

"मी नाही सांगणार," हेमा म्हणाली. "तुम्ही सांगायचं. मी बाजूला बसून ऐकणार, तुम्ही काय सांगता ते."

त्या घरात मला कोणी कॉफी विचारली नाही, असा तो पहिलाच दिवस. मी तिथेच बसून राहिलो. दोरीवर सुलूची एक जुनी सुती साडी वाळत घातलेली होती. धुऊन कोणाला तरी द्यायची असणार. खिडकीतून वारा आला की तिचा काठ माझ्या गुडघ्याला लागत होता आणि मी गुडघा मागे घेत होतो.

किट्टू आला. उंच झाला आहे, आजीचंच कपाळ. मला ताता म्हणतो, म्हणजे आजोबा. "काय ताता, एकटेच बसलात?" म्हणत त्याने बॅग खाली टाकली. हेमा आतून आली आणि दाराशी जमिनीवर बसली. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू थांबवून समोर बसला. मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मधे एकदा शब्द अडला तेव्हा सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे सुलू नव्हती. पुढचं वाक्य मलाच बोलायचं होतं.