नानांचं आडनाव

कामतघरला आमचा आश्रम होता. भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा खडखडता कारखाना, त्यामुळे आम्हा सगळ्या मुलांना मोठ्यानं बोलायची सवय. आश्रम चालवणारे नाना शाळेत मास्तर होते. ज्यांच्या आईबापांचा पत्ताच नाही अशा आम्हा मुलांना शाळेत घालताना त्यांनी स्वतःचंच नाव लावलं होतं. मधे त्यांचं नाव, शेवटी त्यांचं आडनाव. "कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगायचं, नानांची मुलगी," असं ते म्हणायचे. मी तसंच सांगत आले. वर्गात कुणी 'आश्रमवाली' म्हणालं की मी हमरीतुमरीवर यायचे.

त्यांची सख्खी मुलगी माझ्याहून बरीच मोठी. आम्ही तिला ताई म्हणायचो. मी नववीत असताना तिला बघायला कल्याणचे पाहुणे आले. नानांनी मुद्दाम शुक्रवार ठरवला होता. लूमला सुट्टी असते, बोललेलं ऐकू येतं. ताईच्या साडीच्या निऱ्या मीच धरल्या. मग पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले.

मुलाच्या आईनं हसून विचारलं, "तू कोण गं?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. वर म्हटलं, "नानांची धाकटी."

त्या बाईंचा चमचा हातातच राहिला. "तुम्ही तर एकच मुलगी म्हणाला होतात."

नाना हसले. "अहो, आश्रमातली आहे ती. घरात हाताखाली असते." आणि मला म्हणाले, "जा, पाणी आण."

मी पाणी आणलं. थेंबही सांडला नाही, याचंच मला नवल वाटलं.

लग्न ठरलं. एका संध्याकाळी नानांनी मला ओट्यावर बोलावलं. "दहावीच्या आधी तुझं नाव बदलून घेऊ. ताईच्या सासरी उगाच प्रश्न नकोत. शाळेत मी बोलतो."

"आणि बाकीच्यांचं?"

"ती लहान आहेत. त्यांना कोण विचारतंय?"

"मग मी काय लावू?"

"तुला आवडेल ते लाव," ते म्हणाले. फ्रॉकचं कापड निवडायला सांगावं, तसं.

मला एकही आडनाव सुचेना. शेवटी ज्या गावात मी सापडले, त्याच्या नावाला 'कर' जोडून दिलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "मधे काय लिहू?" म्हटलं, "काही नको."

ही गोष्ट आश्रमात कळली तशी छोटी पोरं मागे लागली. "दीदी, तू आता आमच्यातली न्हाय का?" मी त्यांच्यावर खेकसले आणि मोरीत जाऊन रडले.

नाना वाईट नव्हते. लग्न पार पडल्यावरही ताटाशी येऊन विचारायचे, "पोटभर जेवलीस ना?" त्यांच्या लेखी विषय मिटला होता. मी बारावीपर्यंत तिथंच राहिले, पण त्यांना पुन्हा नाना म्हणून हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि ते वर बघेपर्यंत थांबायचे.