घाम पुसायला कुणी गेलं नाही

माझ्या थोरल्या जाऊबाई बातम्यांच्या एका चॅनेलमध्ये मेकअपचं काम करतात, हे कळलं की बायका आधी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात. तिथे काहीच नसतं, साधी पावडरसुद्धा नाही. "दिवसभर दुसऱ्यांची तोंडं रंगवल्यावर स्वतःच्या तोंडाला हात लावावासा वाटत नाही," असं त्या म्हणतात. त्यावर सासूबाईंचं ठरलेलं असतं, "हात लावत नाही, पण घरी आल्यावर चालवते मात्र भरपूर."

मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांचे यजमान म्हणजे माझे थोरले दीर. आमच्या घराखालीच त्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे. भावजी तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण यंदाच्या निवडणुकीत सिस्टर उभ्या राहिल्या आणि भावजींच्या अंगात वारं शिरलं. सिस्टर म्हणजे सरकारी हॉस्पिटलातल्या जुन्या हेड नर्स. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा याच बाईंनी त्यांना हाताला धरून पुन्हा चालायला लावलं. भावजी ते विसरलेले नाहीत. दुकानात सिस्टरचा फोटो लागला, स्कूटरवर चिन्ह चिकटलं आणि गिऱ्हाईक पंख्याबद्दल विचारायला आलं तरी सिस्टरबद्दल ऐकूनच परत जाऊ लागलं.

त्याच सिस्टरची मुलाखत वहिनींच्या चॅनेलवर होती. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे असलेले जुने साहेब आदल्या आठवड्यातच तिथे येऊन, छान बोलून गेले होते.

वहिनींच्या कामाची रीत इथे सांगायला हवी. स्टुडिओतली हवा गार असते, पण दिव्यांखालच्या खुर्चीत बसलेल्याला उन्हात बसल्यासारखं होतं. म्हणून वहिनी कॅमेऱ्यामागे पफ आणि टिश्यू घेऊन उभ्या असतात. ब्रेक लागला की आत जायचं, घाम टिपायचा, पफ फिरवायचा, बाहेर यायचं. जा म्हणून कुणी सांगत नाही. चेहरा चकाकताना दिसला की त्या आपल्या आपणच जातात.

त्या संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीसमोर ही गर्दी. सासूबाईंची खुर्ची मी दारातच आणून ठेवली होती. सिस्टर सुरुवातीला बऱ्या बोलल्या. मग टाय लावलेल्या मुलाखतवाल्यानं त्यांना मध्येच तोडायला सुरुवात केली, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "थांबा, आता ब्रेकमध्ये आपली थोरली जाईल." ब्रेक झाला. सिस्टर परत दिसल्या, तर घाम तसाच, उलट ओघळायला लागलेला. शेवटी त्यांनी हाताच्या पाठीनं कपाळ पुसलं, आणि मेकअप निघून तिथे एक आडवा, उघडा पट्टा पडला. राहिलेली सगळी मुलाखत त्या तो पट्टा घेऊन बोलत राहिल्या.

पट्ट्याचा तो फोटो कार्यक्रम संपायच्या आत लोकांच्या फोनवर पोचला होता. खाली लिहिलेलं, "साध्या प्रश्नांनी घाम फुटला."

"ठरवून केलं हे," भावजी म्हणाले. "साहेबांचा चेहरा बघा कसा होता. माशी बसली तर घसरेल. आणि सिस्टरना असं बसवलं? चॅनेल विकलं गेलंय."

दुकानातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मग एकजण म्हणाला, "पण मेकअपला तर आपल्या वहिनीच असतात ना?" तेव्हा भावजींनी टीव्ही बंद केला.

वहिनी घरी आल्या, तेव्हा भावजी जिन्यातच उभे होते.

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

"मग?"

"मग काय? काम करत होते."

"काम करत होतीस तर ती बाई घामानं थबथबलेली कशी?"

वहिनींनी चपला काढल्या आणि आत जाऊन मी घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी म्हटलं, "स्वच्छ आहेत हो ती." त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या प्रचारातले दोघं-तिघं घरी आले. त्यातल्या एकाला सगळे भोंगा म्हणतात. कानात कुजबुजला तरी शेजारच्या इमारतीत कळतं.

"वहिनी, फक्त एवढंच बोलायचं," भोंगा म्हणाला, "की ब्रेकमध्ये आत जाऊ नका असं मला वरून सांगितलं होतं. नाव कुणाचं घ्यायचं नाही. तुमचा चेहरासुद्धा दाखवणार नाही."

"आणि नोकरी गेली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आम्ही आहोत ना, आजी."

"तुम्ही असता. मतदान होईपर्यंत असता."

भावजी आईवर डाफरले. मग वहिनींकडे वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अगं, खरं तेच तर सांगायचंय. वरून आल्याशिवाय असं होतं का?"

वहिनी म्हणाल्या, "उद्या सांगते." ते गेल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या, तिथून दाराशी, मग पुन्हा खिडकीपाशी. घरात कुणाला धड बसवेना.

मी त्या दिवशी आमच्या ह्यांच्या फोनवर दोन्ही मुलाखती लावून बघितल्या. मी काही फार शिकलेली नाही, पण डोळे आहेत. टायवाल्यानं साहेबांनाही तोडलं होतं. साहेब हसून पाण्याचा घोट घ्यायचे आणि आपलंच पुढे चालू करायचे. सिस्टरना तोडलं की त्या गप्प व्हायच्या, जसं डॉक्टर बोलायला लागले की नर्स होते. यात त्याचा पक्षपात किती आणि सिस्टरचा स्वभाव किती, मला ठरवता आलं नाही. एक गोष्ट मात्र मला टोचली. साहेबांना त्यानं रस्ते आणि पाण्याबद्दल विचारलं, आणि सिस्टरना विचारलं, "तुम्हाला हे झेपेल का?"

सकाळी मी देवासमोर बसले होते. डोळे मिटले तरी मन काही तिथे नव्हतं. वहिनी शेजारी येऊन बसल्या. देवाकडे बघतच म्हणाल्या, "मला कुणी अडवलं नव्हतं."

मी डोळे उघडले.

"त्या यायच्या आधीपासूनच सगळे मला चिडवत होते. कॅमेऱ्यावरचा म्हणाला, आज तुमच्या घरचे पाहुणे, जास्त लाड करू नका हं. सगळे हसले. मीही हसले. पण डोक्यात बसलं ते. मी ठरवलं, साहेबांना जेवढं केलं तेवढंच हिला करायचं. तसूभर कमी नाही, जास्त नाही. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

"मग?"

"मग ब्रेक लागला. मी पफ घेऊन उभी. आणि मनात आलं, साहेबांच्या ब्रेकमध्ये मी आत गेले नव्हते. मग हिच्यासाठी कशी जाऊ?"

"अहो, पण साहेबांना घाम आला होता का?"

"नव्हता."

"मग?"

"तेच ना गं," वहिनी म्हणाल्या. "तिथे उभी असताना मला ते अगदी बरोबर वाटलं. दोघांना सारखं. बाई समोर भिजतेय, आणि मी आपली न्याय करतेय."

मी म्हटलं, "भावजींना सांगून टाका."

"काय सांगू? तुमच्या त्या स्कूटरमुळे, फोटोमुळे मला तिथे सगळे हसतात, म्हणून मी तुमच्याच सिस्टरला तसं बसू दिलं? त्यांना तोंड दाखवायला जागा राहील का? त्यापेक्षा मी विकली गेले असं वाटू दे त्यांना." एवढं बोलून त्या उठल्या आणि लगेच परत बसल्या. "पण भोंगा म्हणतो ते खोटं नाही बोलवणार माझ्याच्यानं. तिथे माझ्यासोबत काम करणारी माणसं आहेत. वरून म्हणजे कुणी? संशय कुणावर तरी येणारच ना."

मग म्हणाल्या, "चल, आधी सिस्टरनाच सांगू. त्या म्हणाल्या खोटं बोलू नका, की सुटले मी."

सिस्टरचं प्रचाराचं ऑफिस म्हणजे कपड्याचं बंद पडलेलं दुकान. कोपऱ्यात हात नसलेला पुतळा अजून उभा होता, त्याच्या गळ्यात कुणीतरी प्रचाराची पट्टी अडकवली होती. सिस्टर स्टुलावर पाय सोडून बसल्या होत्या, घोट्यापाशी सुजलेले. वहिनींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी सख्खी बहीण माझ्याच वॉर्डात होती तेव्हा मी तिला सगळ्यात शेवटी औषध द्यायची. कुणी म्हणायला नको म्हणून. ती अजून ऐकवते मला."

वहिनींना हायसं वाटलेलं मला दिसलं.

"मला वाटलं, मीच घाबरले होते," सिस्टर म्हणाल्या. "तो फोटो बघून मलाच खरं वाटायला लागलं होतं." मग घोटा चोळत, "पण एक सांगते. परवापासून लोक दारात येऊन माझी चौकशी करतायत. बायका म्हणतात, तुमच्यावर अन्याय झाला. आधी दार उघडत नव्हत्या."

"मग मी काय करू?" वहिनींनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला बोला म्हणणार नाही. नका बोलू असंही म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनी इतक्या भराभर चालायला लागल्या की मला गाठता येईना. "चांगली बाई आहे," त्या वाटेत म्हणाल्या. थोडं पुढे जाऊन, "पण एक शब्द म्हणाली असती तर काय झालं असतं?" मी मनात देवाचं नाव घेत होते. काय मागावं ते मात्र सुचत नव्हतं. सिस्टरनीच निवडून यावं असं मलाही वाटत होतं.

दुकानात भोंगा फोन धरून तयारच होता. शटर अर्धं ओढलेलं. भावजींनी मिक्सरचे सुटे भाग बाजूला सारून वहिनींसाठी जागा केली होती. वहिनी बसल्या आणि सरळ फोनकडे बघून बोलल्या.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आत जायला कुणाची आडकाठी नव्हती. मी माझ्या मनानं गेले नाही. माझं चुकलं."

भोंग्यानं फोन खाली केला. "वहिनी, हे काय? असं कसं चालेल?"

"खरं आहे ते."

"अहो, पण का गेला नाहीत? काहीतरी कारण असेल ना."

भावजींकडे बघायचं टाळून वहिनी समोरच्या मिक्सरच्या उघड्या मोटारीकडे बघत होत्या. भावजी आधी संतापलेले होते, तोंड लाल झालं होतं. मग वहिनी आपल्याकडे बघत नाहीत हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं, ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्यामुळे?"

वहिनी म्हणाल्या, "असू दे आता. दोघांना सारखं करायला गेले मी, एवढंच."

भोंगा कुरकुरत निघून गेला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही भावजी वहिनींशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी मला सांगायचे. वहिनी कामावर जायच्या, यायच्या, आणि घरात आल्या की पुन्हा खिडकी-दार, खिडकी-दार सुरू. सासूबाई म्हणाल्या, "ही फरशी झिजवणार."

त्यानंतर एका दुपारी मी भावजींचा डबा द्यायला खाली गेले. दुकानात एक गिऱ्हाईक इस्त्री घेऊन बसलं होतं. त्याची गाडी चॅनेलवर आलेली. "सगळे विकले गेलेत. त्या बाईंना घामात मुद्दाम बसवलं. वरून ऑर्डर होती म्हणे."

"नव्हती," भावजी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझी बायको होती तिथे. कुणी ऑर्डर दिलेली नव्हती. तिला वाटलं, दोघांना सारखं करावं. त्यात झालं ते."

तो माणूस हसला. "म्हणजे तुम्हालाही पोचलं वाटतं पाकीट."

दारात सिस्टरच्या प्रचारातली दोन माणसं उभी होती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि आत न येताच गेली. भावजींनी ते पाहिलं. मला वाटलं, आता सावरून घेतील. पण त्यांनी इस्त्रीची वायर सोलायला घेतली आणि म्हणाले, "पोचलं नाही. जे आहे ते सांगितलं."

संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या चपला पायातच ठेवून ऐकत होत्या.

"असं म्हणाले? माझी बायको होती म्हणाले?"

"हो."

"मोठ्यानं म्हणाले?"

"गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतकं."

"आणि ते पाकिटाचं म्हणाला, तेव्हा ह्यांचा चेहरा कसा झाला?"

"बघितला नाही मी. मान खाली होती, वायर सोलत होते."

वहिनी जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "अगदी सुरुवातीपासून सांग. तू डबा घेऊन गेलीस, मग?"